जमीनदार परतला आणि मॉस्को हुकले

ऑक्टोबर १९१९. रशियन यादवी युद्धात बोल्शेविकांविरुद्ध लढणाऱ्या जनरल देनिकिनच्या श्वेत फौजेने ओरेल शहर घेतले. तिथून मॉस्को जेमतेम साडेतीनशे किलोमीटर. उत्तरेत दुसरा श्वेत सेनापती युदेनिच पेत्रोग्रादच्या वेशीवर. लेनिनचे बोल्शेविक सरकार आज पडते की उद्या, एवढाच प्रश्न उरल्यासारखा दिसत होता. तेरा महिन्यांनी मात्र देनिकिनचा वारसदार व्रांगेल सुमारे दीड लाख माणसांना जहाजांत घालून क्रिमिया सोडून गेला.

बोल्शेविकांच्या या विजयाचे श्रेय बहुधा लाल सेनेचा प्रमुख ट्रॉट्स्की याला आणि त्याच्या चिलखती आगगाडीला दिले जाते. गाडी होतीच. तुला शहरातले शस्त्र कारखानेही बोल्शेविकांच्या हाती होते आणि रेल्वेमार्ग चाकाच्या आऱ्यांसारखे मॉस्कोत येऊन मिळत, त्यामुळे सैन्य एका आघाडीवरून दुसरीकडे हलवणे त्यांना सोपे जाई. सैबेरियातला श्वेत नेता कोल्चाक आणि दक्षिणेतला देनिकिन यांची कधी गाठच पडली नाही. पण पलटणीत भरायला माणसे लागतात, आणि ती खेड्यांतच होती.

खेड्यांनी १९१७ मध्ये जमीनदारांच्या जमिनी वाटून घेतल्या होत्या. लेनिनच्या जमीनविषयक हुकुमाने त्यावर शिक्का मारला. देनिकिनच्या फौजेमागोमाग जुने मालक परत येऊ लागले. पिकाचा तिसरा हिस्सा त्यांना द्यावा, असा नियमही निघाला. घ्या! ज्यांच्या पोरांच्या जिवावर मॉस्को जिंकायचे, त्यांच्याच दारात खंड मागायला माणूस उभा.

बोल्शेविक काही धुतल्या तांदळासारखे नव्हते. त्यांच्या तुकड्या बंदुकीच्या धाकाने धान्य उचलून नेत, आणि लाल सेनेतून पळालेल्यांची संख्या लाखांत होती. तरी देनिकिन जवळ येताच त्यांतले हजारो जण परतले. दगडापेक्षा वीट मऊ, हा हिशेब त्यांनी बरोबर केला होता.

‘एक आणि अखंड रशिया’ या घोषणेने उरलेसुरले मित्रही दुरावले. ज्यांना स्वातंत्र्याची ग्वाही द्यायला श्वेत सेनापती तयार नव्हते, ते फिन आणि एस्टोनियन त्यांच्यासाठी कशाला मरतील?

व्रांगेलने १९२० मध्ये शेतकऱ्यांच्या बाजूचा जमीन कायदा केला, पण तोवर त्याच्या हाती क्रिमिया आणि उत्तरेकडची एक पट्टी एवढेच उरले होते. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये, जमीनदार परतण्याची भीती सरल्यावर, तांबोव प्रांतातल्या शेतकऱ्यांनी बोल्शेविकांविरुद्धच बंड पुकारले. मार्च १९२१ मध्ये लेनिनला सक्तीची धान्यवसुली मागे घ्यावी लागली.