पेटीतली मच्छरदाणी आज रात्रीच बांधा!

गडचिरोली जिल्ह्यातील बंधू-भगिनींनो,

पावसाळा लागला आहे. रोवणीची घाई आहे आणि हिवतापाचे दिवसही हेच आहेत. राज्यातल्या हिवतापाचा मोठा भार वर्षानुवर्षे आपला जिल्हा सोसतो. आपल्याकडे फॅल्सिपेरम हिवताप जास्त. तो मेंदूत गेला तर जिवावर बेततो, आणि नाल्यांना पूर आला की भामरागड, एटापल्लीच्या कित्येक गावांची दवाखान्याची वाटच बंद होते.

हिवतापाचा डास रात्री चावतो. म्हणून शासनाने औषध लावलेल्या मच्छरदाण्या वाटल्या. नीट वापरली तर अशी मच्छरदाणी सुमारे ३ वर्षे टिकते. पण काही घरांत ती पेटीत घडी घालून ठेवलेली असते, कुठे तिने मासे धरतात, कुठे ती वाडीच्या कुंपणाला लागते. हिशेब साधा आहे. गावात १०० मच्छरदाण्या आल्या आणि ५० च बांधल्या गेल्या, तर कामी आलेली प्रत्येक मच्छरदाणी दुप्पट किमतीला पडली. उरलेल्या ५० बांधायला नवी खरेदी लागत नाही. लोकांशी त्यांच्या भाषेत बोलावे लागते. नुसत्या बोलण्याने ताप उतरत नाही, औषध हवेच. पण आधीच झालेला खर्च सार्थकी लावणारा याहून स्वस्त उपाय नाही.

बोलायचे म्हणजे भिंतीवर घोषणा रंगवायच्या नाहीत. उकडते, बांधायला खुंटी नाही, रात्री शेतात जागलीला जावे लागते, या अडचणी खऱ्या आहेत. त्या ऐकून घ्या आणि तिथेच सोडवा. खुंटी ठोकून द्या, शेतातल्या मांडवावरही मच्छरदाणी न्या.

आमची कळकळीची विनंती:

१. आज रात्रीच मच्छरदाणी बांधा. आत आधी लेकरांना आणि गरोदर बाईला झोपू द्या.

२. ताप आला की त्याच दिवशी आशाताईकडून रक्त तपासून घ्या. तपासणी आणि औषध मोफत आहे. बरे वाटले तरी गोळ्या पूर्ण घ्या. गावात उपचार करणाऱ्या पुजाऱ्यांनो, आजारी पडले की लोक आधी तुमच्याकडे येतात; तुम्हीच त्यांना तपासणीला पाठवा.

३. आठवड्यातून एक दिवस पाण्याची भांडी कोरडी करा. डासाच्या अळीला वाढायला साधारण आठवडाच लागतो.

४. पेसा कायद्याखालच्या गावांच्या ग्रामसभांनी ५ टक्के अबंध निधीच्या आराखड्यात आरोग्याखाली हे काम धरावे: माडिया, गोंडी बोलणारी गावातलीच दोन माणसे, पावसाळ्याचे चार महिने, रोज संध्याकाळी घरोघर फेरी.

देशाने २०३० पर्यंत हिवताप संपवायचे ठरवले आहे. आपल्या पाड्यांवर तो संपल्याशिवाय देशातून संपणार नाही. पुढच्या ग्रामसभेची वाट पाहू नका. आज अंधार पडण्याआधी शेजारच्या घरात डोकावा आणि विचारा: मच्छरदाणी बांधली का?

आपला,
हिवताप निर्मूलनाचा एक कार्यकर्ता