गवंड्याची थापी आणि बंद दाराचा बंधुभाव

निफाडकडील एका माळकरी बागाइतदार बांधवाने आम्हांस विचारले आहे, ‘मुंबईचे एक व्यापारी स्नेही मला फ्रीमेसन मंडळींत ओढू पाहत आहेत. तेथे देव मानावा लागतो, आपला धर्म सोडावा लागत नाही, मोठ्यांच्या ओळखी होतात, असे ते म्हणतात. मी पंढरीचा वारकरी. जावे की न जावे?’ प्रश्न एकट्या त्यांचा नाही. कुणब्याच्या, सुताराच्या, तांबटाच्या घरी चार पैसे आले की त्याला आत बोलावणारी नवी नवी दारे दिसू लागतात. म्हणून उत्तर सर्वांदेखत देतो.

प्रथम खोटे बाजूस सारू. फ्रीमेसनांच्या लॉजला अडाणी लोक ‘भूतखाना’, ‘जादूघर’ म्हणत आले. तेथे भुते नाचत नाहीत, सैतानाची पूजा होत नाही. देवाधर्मावर व राजकारणावर वाद घालण्यास तेथे मनाई आहे. पवित्र ग्रंथ उघडा ठेवून काम चालते, आणि ज्याने त्याने आपल्या धर्मग्रंथावर शपथ घ्यावी असा रिवाज आहे. रोमच्या पोपने 1738 साली कॅथॉलिकांना ही मंडळी वर्ज्य केली आणि ती बंदी अजून उठलेली नाही. पण ती त्यांच्या घरची गोष्ट. हिटलरने 1935 साली जर्मनीतील लॉज बंद पाडले, ते यहुद्यांच्या कारस्थानाची थाप मारून. अशा थापांची उसनवारी सत्य शोधणाऱ्याने करू नये.

मग ही मंडळी आहे तरी काय? विलायतेत दगड घडविणाऱ्या गवंड्यांचे जुने संघ होते. कसबाची खूण कसबी माणसालाच कळावी, म्हणून त्यांच्यात गुप्त संकेत असत. त्यांच्या नावावर आणि हत्यारांवर पुढे सुखवस्तू लोकांनी आपली मंडळी उभारली. 1717 साली लंडनमधील चार लॉज एकत्र आले, तो हिचा जाहीर आरंभ. गुण्या, कंपास, ओळंबा, थापी ही हत्यारे तेथे सदाचाराची चिन्हे झाली आणि गवंड्याचा चामडी एप्रन सभेचा पोशाख झाला.

बांधवांनो, याचे नवल करा! ज्याने जन्मात चुना कालवला नाही तो गवंड्याचा एप्रन लावून बसतो, आणि खरा गवंडी सकाळी मजुरांच्या नाक्यावर डबा घेऊन उभा असतो. ओळंबा सरळ वागायला शिकवतो, हे खरेच आहे. पण ते आमच्या पाथरवटाला शिकण्यास वर्गणी भरावी लागत नाही. भिंत वाकली तर ती त्याच्याच डोक्यावर येते.

चांगले ते चांगले म्हटलेच पाहिजे. मुंबईच्या लॉजने माणकजी करसेटजी या पारशी गृहस्थास गोऱ्यांच्या पंगतीला घेतले नाही. तेव्हा डॉ. जेम्स बर्न्स यांनी 1843 साली ‘रायझिंग स्टार’ नावाचा लॉज काढून एतद्देशीयांस दार उघडले. ज्या काळी साहेबाच्या शेजारी खुर्चीवर बसणे हा गुन्हा वाटे, त्या काळी ही लहान गोष्ट नव्हती. दवाखाने, शाळा, अनाथांची मदत यांसाठीही ही मंडळी पैसा देते.

पण कलकत्त्याची हकीकतही ऐका. प्रसन्नकुमार दत्त या हिंदू गृहस्थाने 1863 साली अर्ज केला. हिंदू पुष्कळ देव मानतात, मग यांना एक परमेश्वर मानणारा कसे म्हणावे, असा खल सुरू झाला. दत्तांस 1872 साली प्रवेश मिळाला. आपण धार्मिक आहो की नाही, हे ठरवायला साहेबांना नऊ वर्षे लागली! वारकरी बांधवाने म्हणून आधी हे पुसावे, की माझ्या विठोबावरील भावाला कोणाची चिठ्ठी हवी कशाला?

आज ती साहेबशाही उरलेली नाही. 1961 पासून हिंदुस्थानची स्वतंत्र ग्रँड लॉज आहे आणि हिंदूंना आडकाठी नाही. तरी दाराची रीत तीच. नव्या माणसासाठी पांढऱ्या-काळ्या गोट्या टाकून गुप्त मत घेतात. काळी पडली तर कारण विचारायचे नाही. 1723 च्या त्यांच्या नियमांत गुलाम व स्त्रिया यांना मज्जाव लिहिलेला होता. गुलामाविषयीचे शब्द विलायतेत पुढे बदलले. स्त्रीला मुख्य मंडळींत अजून दार नाही. ॲनी बेझंट बाईंनी स्त्रीपुरुषांच्या मिश्र लॉजचा पुरस्कार केला, पण मुख्य मंडळींनी तो मानला नाही. शेतात पाभरीमागे चालणारी, वारीत तुळस डोक्यावर घेणारी आमची माउली ज्या धर्मसभेत बसू शकत नाही, ती सभा आमची कशी?

कोणी म्हणेल, तिथली गुपिते आता पुस्तकांत छापून आली आहेत. खुणा आणि संकेतशब्द यांपलीकडे गुप्त काही नाही. उत्तम! मग शपथ कशाची? झाकली मूठ सव्वा लाखाची ही म्हण व्यापाराला शोभते, धर्माला नाही. ठेकेदार, अंमलदार आणि सावकार एका बंद खोलीत शपथेने भाऊ झाले, तर बाहेर उभ्या असलेल्या शेतकऱ्याला शंका येणारच. कायदा शपथेहून मोठा असे ते सांगतात, आणि आम्ही ते खरे धरतो. पण शंका आली की न्यायाचे निम्मे मोल गेलेच.

बंद दार म्हणजे काय, हे नाशिककरांना शिकवायला नको. काळ्या रामाचे देऊळ बांधविणाऱ्या सरदार ओढेकरांचे नाव राहिले, छिन्नी चालविणाऱ्यांचे राहिले नाही. 2 मार्च 1930 रोजी डॉ. आंबेडकर व भाऊराव गायकवाड यांच्या पुढारपणाखाली अस्पृश्य बांधव त्या देवळापुढे गेले, तेव्हा दारे लावून घेतली गेली. दाराआड बसून बंधुभाव सांगणे सोपे असते.

याच जिल्ह्यात उलटे उदाहरणही आहे. त्र्यंबकच्या ब्रह्मगिरीवर गहिनीनाथांनी निवृत्तिनाथांस उपदेश केला, अशी परंपरा आहे. नाथांचे ज्ञान गुरूच्या मुखातून एकाच शिष्याच्या कानात जाणारे. निवृत्तिनाथांनी ते धाकट्या भावास दिले, ते कोंडून ठेवण्यासाठी नव्हे. 1290 साली नेवाशास ते ज्ञानेश्वरीच्या रूपाने मराठीत सर्वांपुढे आले. गुपित फोडून धर्म मोठा झाला! तुकोबांस स्वप्नात मिळालेला ‘रामकृष्णहरि’ हा मंत्र आज हजारो लोक रस्त्याने टाळ वाजवून म्हणतात.

शपथ तर सत्यशोधकांतही होती, असे कोणी म्हणेल. होती, पण छापलेली, उघड. मुंबईत 1849 साली परमहंस मंडळी निघाली. जातिभेद मोडण्याचा त्यांचा हेतू चोख होता, पण ते दार लावून पाव खात आणि बाहेर सोवळे पाळत. 1860 च्या सुमारास सभासदांची नावे फुटली आणि मंडळी पांगली. 24 सप्टेंबर 1873 रोजी जोतीराव फुल्यांनी पुण्यात सत्यशोधक समाज स्थापिला तो उघड्यावर. समाजाच्या कामाचा अहवाल छापला, शिव्याही उघड्यावर खाल्ल्या. 1893 साली सासवडच्या परिषदेच्या अध्यक्ष सावित्रीबाई होत्या. गुप्त मंडळीचा दिवा पहिल्या वाऱ्याला विझला. उघड्या दिव्याला वारा लागला तसा तो भडकला.

तेव्हा माळकरी बांधवास आमचे उत्तर असे. जाण्याने तुमचा धर्म बाटेल असे आम्ही म्हणत नाही. बाटणे-विटाळणे ही भाषा आमची नव्हे. परंतु घरच्या कारभारणीला सांगता येणार नाही, गड्याला नेता येणार नाही, गावच्या पारावर बोलता येणार नाही, असा बंधुभाव घेऊन काय कराल? मोठ्यांच्या ओळखीसाठीच जायचे असेल तर तसे उघड म्हणा. देवाचे नाव पुढे करू नका.

1914 साली याच नाशकात मराठा विद्या प्रसारक समाज उभा राहिला, तो शेतकऱ्यांच्या मुलांना शिक्षण मिळावे म्हणून, आणि चारचौघांत पदर पसरून. लॉजच्या वर्गणीचा पैसा कोठल्याही वसतिगृहातल्या एका गरीब मुलाच्या जेवणाला लावा. आणि पौष वद्य एकादशीस त्र्यंबकला निवृत्तिनाथांच्या यात्रेला या. तेथे कोणी गोटी टाकून तुमची पारख करणार नाही. शेजारी गवंडी बसला असेल. त्याच्या हाताला चुन्याचे घट्टे असतील. त्याला भाऊ म्हणा, म्हणजे झाले.