झुडूप जगेल, गायरानधारकाचे काय?

मोगली एरंडाला पाणी लागत नाही, असे सांगत 2003 नंतर देशभर जट्रोफाचा गाजावाजा झाला. डिझेलमध्ये 20 टक्के मिश्रणासाठी सुमारे 1 कोटी 12 लाख हेक्टर लागवड लागेल, असा हिशेब नियोजन आयोगाच्या समितीने मांडला. जमीन कोणती? तर 'पडीक'! बीड जिल्ह्यात सरकार ज्याला पडीक म्हणते, त्यात गायरानही येते. आणि गायरान म्हणजे भूमिहीन दलितांनी दगड वेचून वहितीखाली आणलेला तुकडा. म्हणून या झुडपाच्या पाण्याचा प्रश्न आपला प्रश्न आहे.

हे झुडूप कमी पाण्यात जगते, हे खरे. उन्हाळ्यात पाने गाळते, पाऊस आला की पुन्हा फुटते. पाने विषारी, म्हणून जनावरे तोंड लावत नाहीत. कुंपणाला ते चांगले. पण जगणे वेगळे आणि बी देणे वेगळे. पहिल्या वर्षी रोपाला पाणी द्यावेच लागते. पुढे फुलोऱ्यात आणि बी भरताना दोन-तीन पाळ्या मिळाल्या, तर उत्पन्न वाढते. नाही मिळाल्या, तर झाड हिरवे आणि पदर रिकामा. 2009 मध्ये नेदरलँड्सच्या संशोधकांनी जट्रोफाच्या एक लिटर बायोडिझेलमागे पाऊस व सिंचन मिळून सुमारे 20 हजार लिटर पाण्याचा हिशेब मांडला. त्या आकड्यावर वाद झाला. पण 'पाण्याविना तेल' हा दावा टिकला नाही.

मग त्या दोन-तीन पाळ्या कोण देणार? ज्या जिल्ह्यात उसाला पाणी मिळते आणि आपली माणसे कोयता घेऊन परमुलखात जातात, तिथे गायरानावर विहीर नाही, शेततळे नाही. सातबारावर नाव नाही म्हणून कर्ज नाही, वीजजोड नाही. पाणी कमी आहे हे अर्धे सत्य; ते कोणाच्या वाट्याला येते, हे उरलेले अर्धे.

1942 ते 1946 या काळात मजूरमंत्री असताना बाबासाहेबांनी नद्यांच्या पाण्याचे नियोजन हा राष्ट्रीय प्रश्न मानला. 1959 आणि 1964 मध्ये दादासाहेब गायकवाडांनी भूमिहीनांसाठी सत्याग्रह केले. महाराष्ट्र सरकारच्या 28 नोव्हेंबर 1991 च्या निर्णयाने 14 एप्रिल 1990 पर्यंतची दलित-आदिवासींची अतिक्रमणे नियमित करायची ठरविली. तरीही कित्येक गायरानधारक आजही तहसिलीचे उंबरे झिजवीत आहेत.

2018 च्या जैवइंधन धोरणातही पडीक जमिनीवर अखाद्य तेलबिया लावण्याची भाषा आहे. उद्या रोपे घेऊन कोणी गावात आले, तर तीन गोष्टी लेखी मागा: सातबारावर नाव, शेततळे आणि खरेदीचा भाव. त्या मिळत नसतील, तर आपल्या बाजरी-तुरीवर नांगर फिरवू नका. गाडीच्या टाकीआधी लेकरांचे ताट भरले पाहिजे.