आखूड पायांचा दोष कोणाचा?

लॅब्रॅडॉरचे चार महिन्यांचे पिल्लू भावंडांच्या मानाने बुटके दिसू लागले, की घरात पहिला संशय अन्नावर जातो. जैन कुटुंबात तो अधिकच बोचतो. शाकाहारामुळेच या मुक्या जीवाची वाढ खुंटली, असे पाहुणेही सुनावून जातात. मग कॅल्शियमच्या बाटल्या सुरू होतात. आहार पशुवैद्याकडून तपासून घेणे इष्टच आहे; परंतु निदान होण्यापूर्वी मनानेच कॅल्शियम देणे योग्य नव्हे. मोठ्या चणीच्या पिल्लांत त्याचा अतिरेक झाल्यास हाडे उलट बिघडतात.

मुडदूस आणि आनुवंशिक ठेंगणेपणा वरवर सारखेच दिसतात. बर्फावर गाडी ओढणाऱ्या अलास्कन मॅलम्यूट जातीतील ठेंगण्या पिल्लांनाही प्रथम मुडदूसच झाला आहे, असे समजले गेले. पुढे क्ष-किरण चित्रांत मनगटाजवळील वाढीच्या कूर्चेतील विकृती दिसली, रक्ततपासणीत तांबड्या पेशींचाही दोष आढळला. १९७०च्या दशकाच्या आरंभी कॅनडातील पशुवैद्यकांनी हा विकार आनुवंशिक असल्याचे मांडले. दोष ताटात नव्हता, वंशात होता.

असा दोष बहुधा प्रच्छन्न असतो. सदोष जनुकाची एकच प्रत असलेला कुत्रा धडधाकट दिसतो. त्याला वाहक म्हणतात. दोन वाहकांचा संकर झाल्यास प्रत्येक पिल्लू रोगी निघण्याची शक्यता चारात एक असते. वाहक ओळखण्यासाठी पूर्वी संशयित कुत्र्याचा संकर ठेंगण्या कुत्र्याशी घडवीत आणि पिल्लांची क्ष-किरण चित्रे काढीत. एक जरी पिल्लू ठेंगणे निघाले तरी संशय खरा ठरे. सहाही पिल्ले निकोप निघाली तर तो वाहक असूनही असे घडण्याची शक्यता चौसष्टात एक उरे. गणित चोख होते. पण एका कुत्र्याच्या निर्दोषत्वाचा दाखला मिळविण्यासाठी रोगी जीव जन्माला घालण्याची तयारी ठेवावी लागे. शिवाय त्या संकरातील निकोप पिल्लेही वाहकच असत.

लॅब्रॅडॉरमधील एका सौम्य ठेंगणेपणाचे मूळ २०१३ साली सीओएल११ए२ या जनुकात सापडले. आता गालाच्या आतील बाजूस फिरविलेल्या बोळ्यावरून वाहक ओळखता येतो. त्यासाठी एकही पिल्लू जन्मास यावे लागत नाही.

म्हणून पिल्लू घेण्यापूर्वी केवळ वंशावळीचा कागद न पाहता माता आणि पिता या दोघांचेही जनुकीय अहवाल मागावेत. विक्रेता टाळाटाळ करू लागला तर व्यवहार तेथेच थांबवावा. ज्याच्या घरी ठेंगणे पिल्लू आधीच आले आहे, त्याने मात्र ते परत करण्याचा विचार मनात आणू नये. निदानाचा हेतू पुढील जन्मांचे दुःख टाळणे हा आहे. घरी आलेल्या जीवाला नाकारणे हा नव्हे. त्याचे वजन आटोक्यात ठेवावे, त्याची संतती होऊ देऊ नये, आणि दारातील त्याची जागा त्याचीच राहू द्यावी.