थरथरता हात आणि ब्रेक नसलेले यान

आमच्या घरी सध्या रोज संध्याकाळी चंद्रावर उतरण्याचा कार्यक्रम असतो. वडिलांचे वय ७८. उजवा हात काही वर्षांपासून थरथरतो. माझ्या मुलाने त्यांना संगणकावर ‘ऑर्बिटर’ हा अंतराळयान चालविण्याचा सिम्युलेटर बसवून दिला. मार्टिन श्वाइगर यांनी २००० साली प्रथम उपलब्ध केलेला हा कार्यक्रम विनामूल्य मिळतो, आणि त्यातील यान खऱ्या भौतिकशास्त्राच्या नियमांनी चालते.

पहिला आठवडा वाईट गेला. कापऱ्या बोटाने इंजिनाची कळ जरा जास्त दाबली जाई, यान उसळे आणि सावरता सावरता आदळे. मग नातू “द्या आजोबा, मी करतो” म्हणत कीबोर्ड ओढून घेई आणि यान अलगद उतरवून दाखवी. चौथ्या दिवशी वडील म्हणाले, “डोळे दुखतात, राहू दे.” डोळे दुखत नव्हते, हे मला ठाऊक होते. शर्टाची बटणे, औषधाची पाकिटे यांबाबत आपल्याही घरी असेच घडत असेल.

चंद्रावर हवा नाही. त्यामुळे तेथे वेग आपोआप कमी होत नाही, आणि ब्रेक तर नाहीतच. चंद्राभोवती अगदी जवळून फिरणाऱ्या यानाचा वेग सेकंदाला सुमारे १.६ किलोमीटर असतो. तो घटवायचा, तर यान उलटे फिरवून इंजिनाचा झोत गतीच्या दिशेने सोडावा लागतो. यान तसे उलटे धरून ठेवणे हे स्थिर हाताचे काम. ऑर्बिटरमध्ये एक कळ दाबली की ते ऑटोपायलट करतो. इंजिन केव्हा पेटवायचे आणि केव्हा विझवायचे, हे मात्र चालकानेच ठरवायचे. जमिनीजवळ उंची कायम राखणारा दुसरा ऑटोपायलट आहे. तो आडवा वेग थांबवीत नाही. निश्चिंत बसलात, तर यान तळावरून सरकत पुढे निघून जाते!

हे कळल्यावर मी दोघांना २० जुलै १९६९ ची हकिकत सांगितली. चंद्रावर उतरताना अखेरच्या टप्प्यात नील आर्मस्ट्राँग यांच्या हाताशी एक छोटा खटका होता. तो एकदा हलविला की खाली येण्याचा वेग सेकंदाला एक फुटाने बदले. त्यासाठी इंजिनाचा जोर किती हवा, ते संगणक पाही. दगडधोंड्यांनी भरलेला खड्डा ओलांडून कोठे उतरायचे, ते मात्र आर्मस्ट्राँगनी ठरविले. यंत्राची मदत घेतली म्हणून त्यांना कोणी दुबळे म्हटले नाही. शेजारी उभे असलेले बझ ऑल्ड्रिन उंची आणि वेगाचे आकडे वाचून दाखवीत होते.

आता नातवाकडे तेच काम आहे. तो आकडे मोठ्याने वाचतो. विचारल्यावाचून कळांना हात लावत नाही. वडील कोपरापासून मनगटापर्यंतचा हात टेबलावर टेकवून बसतात, त्याने कंप थोडा आवरतो. अर्ध्या तासाने दोघेही उठतात. ज्यांना भोवळ येण्याचा त्रास आहे, त्यांनी फिरती दृश्ये पाहताना मळमळले की लगेच थांबावे. खेळाने कंप बरा होतो, असे मात्र कृपया समजू नये. कंप नव्याने सुरू झाला असेल, तर डॉक्टरांना दाखवावे. तो हात मांडीवर स्वस्थ असताना होतो की काही उचलताना, हे नीट पाहून सांगावे. निदानासाठी हा फरक महत्त्वाचा असतो.

काल यान तळापासून बरेच दूर, पण शाबूत टेकले. आदल्या क्षणी नातवाचा हात कीबोर्डकडे गेला होता. तो त्याने मागे घेतला. “पुन्हा वरून सुरुवात कर,” वडील म्हणाले आणि चष्मा पुसू लागले.