‘खाजवून खरूज’: एका वाक्प्रचाराविरुद्ध

मराठीत ‘खाजवून खरूज काढणे’ असा एक वाक्प्रचार आहे. मिटलेले भांडण उकरून काढणारा, नसते लचांड गळ्यात घेणारा माणूस त्यात अभिप्रेत असतो. आम्ही दोघेही मराठीचे प्राध्यापक. वाक्प्रचारांचे अर्थ सांगणे हा आमच्या चरितार्थाचाच भाग आहे. तरीही या वाक्प्रचाराविरुद्ध आमची तक्रार आहे, आणि ती शुद्धलेखनाची नाही. त्यात कार्य आणि कारण यांची अदलाबदल झाली आहे. खाजवल्याने खरूज निघत नाही. खरूज असते म्हणून माणूस खाजवतो. बोलण्याच्या ओघात ही अदलाबदल खपून जाते, त्याला आमची हरकत नाही. ती डॉक्टरांच्या तपासणी-खोलीतही खपते, याला आहे.

आमच्यापैकी एकाने सात महिने खरूज अंगावर वागवली. या काळात चार डॉक्टर झाले. कोणी ऍलर्जी म्हणाले, कोणी कोरडी त्वचा, कोणी उष्णता. चौथ्यांनी तर चष्म्यावरून पाहत ‘सर, टेन्शन फार घेता का?’ असे विचारले आणि झोपेची गोळी लिहून दिली. चौघांच्याही तोंडी एक वाक्य मात्र समान होते: ‘खाजवू नका.’ रोग्याच्या नखांकडे बोट दाखवणारे हे वाक्य आणि आमचा तो वाक्प्रचार ही सख्खी भावंडे आहेत. बोटांच्या बेचक्यांत भिंग धरून पाहावे, घरात आणखी कोणाला खाज सुटते का ते विचारावे, खाज रात्री वाढते की दिवसा याची चौकशी करावी, असे चौघांपैकी एकालाही वाटले नाही. पाचव्या डॉक्टरीणबाईंनी हात उजेडात धरायला लावला. मनगटाच्या आतल्या बाजूला जेमतेम अर्ध्या सेंटिमीटरची, राखट, वाकडी रेघ होती. त्यांना एक मिनिटही लागले नाही.

ती रेघ म्हणजे बीळ. खरजेचा किडा हा शब्द आपण सैलपणे वापरतो; वास्तविक तो आठ पायांचा, कोळ्याच्या गोत्रातला जीव. पिकावरच्या ज्या किडीला शेतकरी ‘लाल कोळी’ म्हणतात, तिचा हा लांबचा नातलग. मादी मिलिमीटरच्या एक तृतीयांशाहून थोडी मोठी. ती त्वचेच्या वरच्या थरात बीळ कोरत जाते आणि त्यात अंडी घालते. पहिल्यांदा लागण झाली की शरीराला तिची, तिच्या अंड्यांची आणि विष्ठेची ओळख पटून खाज सुरू व्हायला चार ते सहा आठवडे लागतात. तोवर माणूस निरोगी दिसतो आणि घरभर लागण देत राहतो. साध्या खरजेत अंगावर असे दहा-पंधराच जीव असतात. एवढ्यांसाठी सगळे शरीर रात्रभर पेटते, आणि म्हणूनच ते शोधायला नजर लागते, सवड लागते. बाह्यरुग्ण विभागात रोग्यामागे दोन मिनिटे मिळत असतील तर बीळ दिसणार कसे, हा डॉक्टरांचा प्रश्न आम्हांला मान्य आहे. पण ‘मला दिसले नाही’ आणि ‘तुम्हांला काही नाही’ ही दोन वेगळी वाक्ये आहेत, एवढे तरी भाषेच्या माणसाने म्हणायलाच हवे.

हे न दिसणे जुने आहे. १६८७ साली जोव्हान्नी कोसिमो बोनोमो या इटालियन वैद्याने फ्रान्चेस्को रेदी यांना लिहिलेल्या पत्रात या जिवाचे वर्णन केले, सूक्ष्मदर्शकातून पाहून चित्र दिले आणि खरजेचे कारण हाच, असे सांगितले. एखाद्या रोगाचे मूळ सूक्ष्म जिवात दाखवणारे हे फार आरंभीचे लेखन. त्यात आम्हांला सर्वांत महत्त्वाची वाटते ती एक साधी नोंद: गरीब बायका आपल्या खरजाळ मुलांच्या अंगातून टाचणीने हे जीव काढतात आणि लिव्होर्नोचे गुलामही एकमेकांचे असेच काढतात. जे बायकांना आणि गुलामांना ठाऊक होते, ते वैद्यकाला पटायला पुढे जवळजवळ दीडशे वर्षे गेली. रक्तदोष, पित्तदोष, अंगातली विषारी द्रव्ये बाहेर पडणे, अशा उपपत्ती चालू राहिल्या. १८१२ साली गालेस नावाच्या विद्यार्थ्याने पॅरिसमध्ये प्रबंध लिहून हा जीव दाखवला. मात्र त्याने काढलेले चित्र चीजमधल्या किड्याचे असल्याचा बोभाटा झाला आणि खऱ्या जिवावरचाही विश्वास उडाला. अखेर १८३४ मध्ये रेनुच्ची या कॉर्सिकन विद्यार्थ्याने पॅरिसच्या सेंट लुई इस्पितळात सर्वांसमक्ष सुईने जीव काढून दाखवला. ही युक्ती त्याने कॉर्सिकातल्या गरीब बायकांकडून उचलली होती! ज्ञानाचा उतारा कोणाच्या नावावर चढतो, हे साहित्याच्या इतिहासात आपण पाहतोच. वैद्यकातही वेगळे घडत नाही.

आता शब्दांकडे येऊ. संस्कृतातील ‘खर्जू’चा अर्थ नुसती खाज, अमरकोशात तो ‘कण्डू’चा पर्याय म्हणून येतो. मराठीने मोठे शहाणपण केले: लक्षणाला ‘खाज’ ठेवले आणि रोगाला ‘खरूज’. शिवाय लक्षणाच्याही छटा केल्या. कंड, चुणचुण, हुळहुळ, चरचर, वळवळ. घशाला खवखव आणि हाताला शिवशिव. दवाखान्याच्या दारात ही सारी संपत्ती गळून पडते आणि आत ‘इचिंग’ एवढाच शब्द जातो. त्याहून वाईट म्हणजे कोणी चुकून मराठीत बोललाच तर अडकतो. ‘रात्री कातडीखाली काहीतरी वळवळतं हो’ हे खरजेच्या रोग्याचे अक्षरशः अचूक विधान आहे. ऐकणाऱ्याच्या कानी मात्र ते भ्रमाचे विधान म्हणून पडते.

अंगावर किडे असल्याचा भ्रम हा मनोविकार आहे, यात शंका नाही; १९३८ साली स्वीडनच्या एकबोम यांनी त्यावर लिहिले. त्या रोग्यांचे दुःखही खरेच असते आणि त्यांची थट्टा आम्हांला अभिप्रेत नाही. पण वैद्यकाने त्या विकाराची जी एक खूण मानली आहे, ती पाहण्यासारखी आहे: रोगी काडेपेटीत किंवा पुडीत खपल्या, धागे, कण गोळा करून आणतो. म्हणजे पुरावा न आणणारा ‘काही दिसत नाही’ म्हणून परत जातो आणि पुरावा आणणारा त्या पुराव्यापायीच संशयित ठरतो. निदान भिंगाखाली धरून पाहण्याआधी तरी काडेपेटीचा निकाल लावू नये.

दुसरा अडसर वर्गाचा. आमच्या सहकाऱ्याला एका डॉक्टरांनी ‘तुमच्यासारख्यांना खरूज कशी होईल?’ असे ऐकवले; कौतुक म्हणूनच ऐकवले असावे. खरूज अस्वच्छांची, झोपडीतल्यांची, आश्रमशाळेतल्या पोरांची, हा समज सुशिक्षितांच्या हाडीमाशी खिळला आहे. परिणामी मध्यमवर्गीयाची खरूज ओळखली जात नाही आणि गरिबाची ओळखूनही ‘आंघोळ करत जा’ म्हणत बोळवण होते. वस्तुतः दुसऱ्या महायुद्धात केनेथ मेलनबी यांनी शेफिल्डमध्ये युद्धविरोधी स्वयंसेवकांवर जे प्रयोग केले, त्यांतून पांघरुणे-कपड्यांपेक्षा अंगाला अंग लागणेच मुख्य कारण असल्याचे दिसले. आंघोळीने हा जीव धुऊन जात नाही. एका खोलीत आठजण निजतात म्हणून खरूज पसरते. त्यात दोष साबणाचा नाही, खोलीचा आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ मध्ये खरजेला उपेक्षित उष्णकटिबंधीय रोगांच्या यादीत घेतले. कोणत्याही क्षणी जगात वीस कोटींहून अधिक माणसे तिने त्रस्त असतात असा तिचा अंदाज आहे. एवढ्यांची उपेक्षा कोणी केली, याबद्दल यादी अर्थातच मौन बाळगते.

साहित्यही यात निर्दोष नाही. क्षयाला आपण नायिका दिल्या, कर्करोगाला नायक दिले. सुसान सोंटॅग यांनी १९७८ मध्ये रोगांच्या रूपकांवर पुस्तक लिहिले तेही क्षय आणि कर्करोग यांवर. खाज मात्र वगातल्या विनोदाला आणि शिव्यांना राहिली. ‘फार खाज आहे त्याला’ म्हटले की ऐकणाऱ्याला रोग आठवत नाही, चारित्र्य आठवते. दान्तेने नरकात खपल्या ओरबाडत बसवले ते किमयागारांना, म्हणजे पाप्यांनाच. मग रोग्याने तोंड उघडावे कशाला? तो गपचूप औषधाच्या दुकानात जातो आणि स्टेरॉइड मिसळलेली मलमाची ट्यूब घेतो. २०१८ पासून अशी अनेक मलमे चिठ्ठीशिवाय विकण्यास मनाई आहे; ती किती पाळली जाते हे कोणत्याही नाक्यावर पाहावे. मलमाने लाली ओसरते, खाज चार दिवस दबते, पुरळाचे रूप बदलते, जीव मात्र सुखाने नांदतो, आणि पुढच्या डॉक्टरला ती खरूज म्हणून ओळखणे आणखी अवघड होते.

उपचार तसा गूढ नाही. परमेथ्रिनचे मलम मानेपासून तळव्यापर्यंत, बेचक्या आणि नखांखालची जागाही न सोडता, रात्रभर लावायचे, आठवड्याने पुन्हा. घरातल्या सगळ्यांनी एकाच रात्री, खाज असो वा नसो. (तान्ही मुले आणि गरोदर स्त्रिया यांच्याबाबत डॉक्टरांना विचारून.) चादरी-कपडे गरम पाण्यात धुवायचे. अलीकडे अनेक देशांतून हे मलम पूर्वीइतके लागू पडत नसल्याचे अभ्यास येत आहेत, तेव्हा दुसरे औषध लागू शकते. आमच्या सहकाऱ्याकडे खरी लढाई झाली ती ‘मला कुठे खाजतंय? मी नाही लावणार’ म्हणणाऱ्या सासूबाईंशी. त्यांना चार ते सहा आठवड्यांचा हिशेब समजावून सांगायला डॉक्टरीणबाईंनी फोनवर दहा मिनिटे दिली.

त्यांनी आणखी एक गोष्ट आधीच सांगून ठेवली होती: जीव मेल्यावरही खाज दोन ते चार आठवडे राहू शकते, कारण त्याचे अवशेष कातडीत असतात, घाबरून रोज मलम चोपडू नका, मात्र त्यानंतरही राहिली तर परत या. ती तीन आठवडे राहिली. त्या तीन आठवड्यांत आमचा सहकारी रात्री उठून खाजवत होता, पण आपण वेडे झालो आहोत काय, असे त्याने कोणालाही विचारले नाही.