गुंगीचें माप

अंमली पदार्थाचा अंशहि ज्याच्या रक्तांत सांपडेल, त्या मोटार हांकणाऱ्यास सरळ तुरुंगांत धाडावें, असें परवां अहिल्यानगरांतील एका सभेंत एका विद्वान् वक्त्यांनीं सांगितलें आणि टाळ्यांचा कडकडाट झाला. टाळ्या देणारांत माझे कांहीं स्नेहीहि होते. त्यांचा रोष पत्करूनहि म्हणणें भाग आहे कीं, ही सूचना जितकी करडी तितकीच अन्यायाची आहे.

प्रथम कायदा पाहूं. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या १८५ व्या कलमानें दारूचें माप स्पष्ट दिलें आहे: १०० मिलिलिटर रक्तांत ३० मिलिग्रॅमहून अधिक मद्यार्क आढळला कीं गुन्हा झाला. इतर मादक द्रव्यांविषयीं मात्र तेंच कलम आंकडा सांगत नाहीं. वाहनावर ताबा ठेवण्यास माणूस असमर्थ व्हावा इतका अंमल हवा, एवढेंच म्हणतें. ही भाषा १९३९ च्या कायद्यांतून जवळजवळ जशीच्या तशी उतरली आहे. तोंडाशीं धरावयाच्या यंत्राला दारू कळते. गांजा कळत नाहीं, झोपेची गोळी कळत नाहीं. मग असमर्थ कोण, हें शिपायाच्या नजरेनें ठरावयाचें. आणि ही नजर कधीं कधीं फारच अर्थपूर्ण असते!

तेव्हां माप हवें, येथवर वक्ते आणि मी एक आहों. परंतु शून्य हें माप नव्हे. दारू कांहीं तासांत उतरते व रक्तांतूनहि जाते; नित्य गांजा ओढणाऱ्याच्या रक्तांत मात्र अंमल उतरल्यावरहि कित्येक दिवस त्याचा अंश राहतो. शनिवारच्या चिलमीसाठीं मंगळवारीं शुद्धीवर असलेल्यास रस्त्यावर धरणें म्हणजे रस्त्याचें रक्षण नव्हे, तें व्यसनाचें शासन. आणि त्यासाठीं १९८५ चा वेगळा कायदा आहेच. इंग्लंडानें २०१५ त निरनिराळ्या द्रव्यांचे आंकडे ठरविले; निषिद्ध द्रव्यांना जवळजवळ शून्याचाच न्याय लावला हें खरें, पण डॉक्टरच्या सांगण्याप्रमाणें औषध घेणारास बचाव ठेवला. जर्मनीनें तर २०२४ त गांजाच्या मादक द्रव्याची मर्यादा रक्तजलाच्या मिलिलिटरमागें १ नॅनोग्रॅमवरून ३.५ वर नेली. जर्मन लोक बेशिस्तीचे भोक्ते आहेत, असें कोणी म्हणेल काय?

आतां एक कबुली. दोन वर्षांपूर्वीं पडशाची एक साधी गोळी घेऊन मी श्रीरामपुराहून रात्रीं मोटारीनें परतत होतों. हंगामाचे दिवस, राहुरीच्या अलीकडे पुढें ऊंसाच्या दोन ट्रॉल्या, मागें दिवा नाहीं. माझे डोळे मिटले होते. पत्नी ओरडली म्हणून हा लेख लिहितों आहें. गोळीच्या पाकिटावर सूचना होती. इंग्रजींत, नखाएवढ्या जागेंत. त्या रात्रीं मी कोणाहि गांजेकसाइतकाच घातकी होतों. पण सभेंतल्या त्या कायद्यानें मला हातहि लावला नसता.

आणि आंकडा ठरला तरी नमुना कोणाचा? १९ मे २०२४ च्या पुण्यांतील कल्याणीनगरच्या अपघातांत दोन तरुण जीव गेले, आणि रक्ताचे नमुने बदलल्याच्या आरोपावरून ससून रुग्णालयाच्या दोन डॉक्टरांना अटक झाली. रक्ताच्या दोन मोहोरबंद बाटल्या घ्याव्या, एक आरोपीच्या मागणीवरून दुसऱ्या प्रयोगशाळेंत जावी, इतकी साधी मागणी त्या सभेंत एकानेंहि केली नाहीं. मीहि मागच्या रांगेंत गप्पच बसलों होतों.